परबांच्या भरतीच्या वेळा

परब गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कळलं. वर पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचना, खाली कुणाच्या तरी नातीच्या वाढदिवसाचा केक आणि मधे दोन ओळी, आपल्या इमारतीतले जुने रहिवासी श्री. परब यांचं गावी निधन झालं. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. त्यातल्या निम्म्यांनी परबांना कधी पाहिलेलंही नव्हतं. मीही हात जोडले, फोन पालथा ठेवला आणि मेथी निवडायला घेतली. मेथी संपली तरी उठवेना. माझ्या वयाच्या बाईला असल्या बातम्यांची सवय होते म्हणतात. होत असेल. ह्या बातमीनं मी दमून गेले, एवढंच मला कळलं.

बोरिवलीत गोराईच्या वसाहतीत वीसेक वर्षं आमची दारं समोरासमोर होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मागच्या खिडकीतून खाडीची एक पट्टी दिसते, अलीकडे तिवरांची झाडी आणि त्या झाडीत अडकलेलं अख्ख्या मुंबईचं प्लास्टिक. मी मूळची पार्ल्याची, जन्मात घरात अंडं फोडलेलं नाही. आणि समोर हे मालवणकडचं जोडपं, दत्ताराम परब आणि शालिनीवहिनी. ब्रोकरनं सांगितलं होतं, शेजार एकदम शांत आहे. ब्रोकर तो, तो आणखी काय सांगणार?

पहिलं भांडण जिन्यावरून झालं. रविवारी जिना धुऊन घेतला की तासाभरात त्यावर चिखलाची पावलं. काळा, वास मारणारा, खाडीचा चिखल. एकदा दबा धरून बसले तर परब वर येताना दिसले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर मासे पकडायची लांब काठी, शर्टाच्या खिशात पक्कड, आणि चपला हातात.

"अहो, चपला घालायला काय होतं तुम्हाला?" मी म्हटलं.

"चपला खराब होतील ना, वहिनी," ते म्हणाले. माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

मी सोसायटीकडे तक्रार केली. त्यांनी मुकाट्यानं अख्खा जिना तळापासून वरपर्यंत पोत्यानं पुसून काढला, आणि दुसऱ्या दिवशी परत तशीच पावलं. पुढच्या तक्रारीला परत पोतं. शेवटी मी कंटाळले, ते नाही कंटाळले. त्यांचं हे असंच होतं. वाद घालायचे नाहीत, ऐकायचेही नाहीत. काहीही सांगा, "बघूया काय ता," म्हणायचे, आणि ते म्हणाले की समजायचं, आता काहीही बदलायचं नाही.

आयुष्यभर त्यांनी विक्रोळीला एका कारखान्यात मशीनवर उभं राहून काम केलं. रोज बोरिवलीहून विक्रोळी, म्हणजे अख्खी मुंबई आडवी कापायची. घरी आले की चहा आणि लगेच खाडी. जेट्टीच्या पलीकडे दगडी बांध आहे, तिथे गळ टाकून बसणाऱ्यांची जुनी मंडळी असते. ते सगळे जिवंत कोळंबी लावून बसतात. परब एकटे खोटा मासा लावायचे. लाकडाचा किंवा प्लास्टिकचा, बोटभर लांब, रंगवलेला, पोटाखाली दोन तिहेरी गळ. तो लांब फेकायचा आणि काठीवरची दोराची चकरी फिरवत, मधेच झटका देत ओढून आणायचा, परत फेकायचा. बाकीचे बसून विड्या ओढायचे, हे उभे. दिवसभर मशीनवर उभं राहून झाल्यावर परत उभे.

"कोळंबी लावा की तुम्ही पण," मी एकदा म्हटलं. खरं तर मला काय त्यातलं कळतंय? पण बोलायला विषय.

"कोळंबी लावली की सगळं काम कोळंबीनं करायचं," ते म्हणाले. "खोट्या माशात जीव आपल्याला घालायला लागतो. आणि जिताडा मासा कोळंबी खातो भुकेनं. हा खोटा मासा त्याला दिसला ना, की त्याचं डोकं फिरतं. रागानं धरतो तो. त्यात मजा आहे."

मजा असेल, मासा मात्र नसायचा. परबांना मासा मिळाल्याचं मी फार थोड्या वेळा पाहिलं. शालिनीवहिनी गॅलरीत उभ्या राहून वाट बघायच्या आणि ते फाटकातून आत शिरले की वरून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं विचारायच्या, "काय हो, मासो गावलो?"

"नाय गो, सुटलो," परब खालून सांगायचे.

"रोजचो तो सुटता," वहिनी म्हणायच्या, आणि आत ताटं वाढायला घ्यायच्या. तोंडानं कितीही बोलल्या तरी हे घरी आल्याशिवाय त्या जेवायच्या नाहीत. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता. कारखान्यात ओव्हरटाइम असो नाहीतर खाडीवर उशीर होवो, ताट झाकून बसून राहायच्या. मी त्यांना सांगायचे, अहो, खाऊन घ्या, पित्त होईल. त्या म्हणायच्या, गळ्याखाली उतरूक व्हया ना.

एकदा मात्र परबांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा जिताडा लागला. खांद्यापासून मनगटापर्यंतचा, चांदीसारखा पांढरा. जेट्टीवरून घरापर्यंत लोक मागे मागे आले. परब जिना चढून दारात उभे राहिले, धापा टाकत, तोंडभर हसत. वहिनींनी दार उघडलं, माशाकडे बघितलं, परबांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आज श्रावणी सोमवार."

परबांचा चेहरा असा पडला की मला सुद्धा वाईट वाटलं, आणि मी तर मासा बघून आधीच तोंडाला पदर लावून उभी.

"गरवताना आठवला नाय?" वहिनींनी विचारलं. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं.

"खाऊचा नाय तर गरवूचा नाय, असा खंय लिवलेला हा?" परब म्हणाले. पण आवाजात दम नव्हता. मासा तळमजल्यावरच्या डिसोझांकडे गेला. नाताळला डिसोझांनी केकचा मोठा डबा पाठवला, तो परबांनी हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "एवढाच होता." नंतर कित्येक वर्षं वहिनी त्यांना श्रावण लागला की आठवण करून द्यायच्या.

ह्या त्याच शालिनीवहिनी विसरायला लागल्या. आधी गॅस, मग नावं, मग माझं दार समजून चौथ्या मजल्यावरचं दार. डॉक्टरांनी नाव सांगितलं आजाराचं, त्या नावाचा काय उपयोग? गोळ्या सुरू झाल्या. परब तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे गेले होते. मुलगी मस्कतला, ती रोज फोन करायची आणि रोज रडायची. दिवसा सांभाळायला मंदा नावाची बाई ठेवली, दहा ते सहा.

एका दुपारी समोरून आरडाओरडा ऐकू आला म्हणून गेले. वहिनी कोपऱ्यात लाटणं घेऊन उभ्या, परब हातात भाताचा घास घेऊन. "हो कोण मेलो घरात घुसलो?" वहिनी मला विचारत होत्या. "माझो घोव इलो काय मार खातलो." घोव म्हणजे नवरा.

परबांनी घास ताटात ठेवला, हात धुतले आणि बाहेर जिन्यात येऊन पायरीवर बसले. मी पण बसले.

तेव्हापासून वहिनी त्यांच्या हातचं खाईनात. मंदाच्या हातून चहा-बिस्किट चालायचं, जेवण नाही. जेवणाला एकच उत्तर, ते इल्याशिवाय नाय. आणि ते तर समोर ताट घेऊन बसलेले. बाई दिवसेंदिवस वाळायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. नळीचं नाव काढलं की परब उठून गॅलरीत जायचे.

मग एका संध्याकाळी मंदा जास्त वेळ थांबली होती आणि मीही घरात होते म्हणून त्यांना मीच म्हटलं, जा, जरा पाय मोकळे करून या. कित्येक महिन्यांनी ते काठी घेऊन खाडीवर गेले. अंधार पडायच्या आत परत आले, चिखलाच्या पायांनी. दारात उभे राहिले आणि वहिनींनी पलंगावरून मान वळवून विचारलं, "काय हो, मासो गावलो?"

मंदाच्या हातातली वाटी तशीच राहिली. परबांनी काठी दाराला टेकवली. मग म्हणाले, "नाय गो. सुटलो."

"रोजचो तो सुटता," वहिनी म्हणाल्या. "चला जेवूक."

त्या दिवशी त्यांच्या हातून त्या पोटभर जेवल्या. मी घरी येऊन दार लावून रडले, उगाच कशाला लपवू.

असं सुरू झालं. घरात बसलेले परब त्यांना कुणी परके वाटायचे, खाडीवरून आलेले परब त्यांचा नवरा. म्हणून परब रोज खाडीवर जायला लागले, परत येण्यासाठी. मी व्यवहारी बाई, मी म्हटलं, "अहो, त्यासाठी तिथवर कशाला जायला पाहिजे? काठी घेऊन जिना उतरा आणि परत वर या."

"केलंय ते," परब म्हणाले. "फसली नाही. पायाकडे बघितलंन, कोरडे होते. मग दुसऱ्या दिवशी खाली नळावर पाय भिजवून, कुंडीतली माती फासून आलो. जवळ आली, वास घेतलान आणि म्हणाली, ह्या नळाचा पाणी. खोटारडो खंयचो."

हे सांगताना त्यांना हसू आलं. मलाही आलं. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं त्या जिन्यात हसलो.

आणखी एक अडचण होती. वहिनी खाडीकाठच्या गावात वाढलेल्या. स्वतःचं नाव विसरल्या तरी खिडकीतून पाण्याची पट्टी बघून पाणी चढतंय की उतरतंय हे त्यांना कळायचं. ओहोटीला नुसता चिखल असताना परब काठी घेऊन आले तर त्या तोंड फिरवायच्या. सुक्या खाडीत कोण गरवतं? म्हणजे जायचं ते भरतीलाच. आणि भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. आज दुपारी तर आठवड्यानं भलत्याच वेळी. शालिनीवहिनींचं जेवण भरतीवर चालायला लागलं, आणि मंदा दहा ते सहा. परबांनी तिला विचारलं, भरतीप्रमाणे येशील का? ती म्हणाली, "काका, मला कांदिवलीच्या आजी पण करायच्या असतात. त्यांना काय सांगू, चंद्र बघून येते?"

तिचंही बरोबर होतं. मग मंदा नसेल तेव्हा मी बसायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, परबांनी चाव्यांनी दार वाजवलं आणि मी चपला घातल्या. बेल त्यांनी जन्मात वाजवली नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी मला शिकवलं. पार्ल्याची मी, आजवर कॅलेंडरमध्ये चतुर्थी आणि एकादशी तेवढी बघितलेली, ती आता अष्टमी आली की कपाळाला हात लावायची, कारण अष्टमीला पाणी नको त्या वेळेला आणि तेही मरतुकडं. कुणी कुठे जेवायला बोलावलं तर मी आधी तिथी बघायचे. माझी बहीण म्हणाली, तुझं काय कोळणीसारखं चाललंय.

चिडायचेही मी. खोटं कशाला बोला. माझे स्वतःचे गुडघे, माझं बीपी, आणि ही दुसऱ्याच्या घरातली ड्यूटी. एकदा परब उशिरा आले तेव्हा मी फाडफाड बोलले. ते ऐकून घेत राहिले, मग हातातला खोटा मासा माझ्यापुढे टेबलावर ठेवून काठी कोपऱ्यात लावायला गेले. गळ लागेल म्हणून मी वर्तमानपत्रानं तो बाजूला सारायला गेले, तर त्याला गळ नव्हतेच. पोटाखाली नुसत्या दोन रिकाम्या कड्या.

"ह्याचे गळ कुठे गेले?"

"काढले."

"मग मासा लागणार कसा?"

"लागू नये म्हणून काढले," परब म्हणाले. "जिताडा एकदा लागला की अर्धा तास हलू देत नाही. तोपर्यंत हिची भूक मरते. परवा एक लागला, वहिनी. मोठा होता. मी दोर कापून टाकला आणि आलो. तोंडात गळ घेऊन फिरत असेल बिचारा कुठेतरी. त्यापेक्षा हे बरं."

"आणि तुम्ही तिथे नुसतेच फेकत बसता?"

"फेकतो, ओढतो. बांधावरची माणसं हसतात. हसू दे." ते खुर्चीवर बसले, पायावरचा चिखल वाळत चालला होता. "खरं सांगू? मला कंटाळा आलाय खाडीचा. नोकरीत असताना रोज वाटायचं, रिटायर झालो की पडीक राहीन तिकडे. आता भरतीची वेळ झाली की अंगावर काटा येतो. तिथे उभा राहतो आणि घड्याळ बघतो, आत्ता गेलो तर पाय पुरेसे भिजलेत का? एकच गोष्ट होती वहिनी माझी स्वतःची. ती पण कामाला लावली."

आतून वहिनींनी हाक मारली, "काय हो, जेवतास काय?" आणि ते उठले. हात टेकून, दोन प्रयत्नांत, पण उठले. त्यानंतर त्यांना उशीर झाला तरी मी बोलले नाही.

दोन पावसाळे असं चाललं. परब वाळले, वहिनींचं वजन मात्र टिकलं. डॉक्टरांना आश्चर्य वाटायचं. परब त्यांना खाडीचं काही सांगायचे नाहीत. म्हणायचे, डॉक्टर, भूक आहे तिला, बघूया काय ता.

त्यांना मी शेवटचं बघितलं ती दुपार सांगते. मला त्या दिवशी नाशिकला लेकीकडे जायचं होतं, तिचं ऑपरेशन होतं. बॅग भरून दारात ठेवली होती, मंदा उशिरा येणार होती, ती आली की निघायचं. मी परत येईपर्यंत महिना गेला आणि तेवढ्यात मस्कतची मुलगी येऊन दोघांना गावी घेऊन गेली होती. समोर कुलूप. मग गावाहून एकदा परबांचा फोन आला, पण रेंज नव्हती, "बरां आसा, बरां आसा," एवढंच ऐकू आलं.

तर त्या दुपारी पाणी बाराच्या सुमारास भरलं होतं. परब वेळेवर आले. मीच दार उघडलं. पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले, काठी खांद्यावर, सगळं रोजच्यासारखं. वहिनी खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, पुढे ताट वाढलेलं. त्यांनी परबांकडे बघितलं, पायांकडे बघितलं. आणि पदर सारखा केला.

"कोण व्हया?" त्यांनी विचारलं.

परब थांबले. काठी जरा पुढे केली, दिसावी म्हणून. वहिनी नुसत्याच बघत राहिल्या, राग नाही, भीती नाही. पाहुण्याकडे बघावं तसं.

"ते घरात नायत," त्या म्हणाल्या. "खाडीर गेलेसत. येतले. बसा तुम्ही."

परब बसले. स्वतःच्या घरात, खुर्चीच्या कडेला. मी पाणी आणायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"रोज जातत?" परबांनी विचारलं. आवाज अगदी परक्या माणसाचा काढला होता.

"रोज."

"मासो गावता?"

"खंयचो गावता," वहिनी हसल्या. "पण जाऊंदेत. दिवसभर त्या मशीनवर उभे रवतत. तितक्याच बरा वाटता त्यांका. मी आपली तोंडान बोलतंय."

मी पाणी घेऊन आले तेव्हा ते दोन्ही हात मांडीवर ठेवून खाली बघत होते.

"तुम्ही जेवून घेवा," मग ते म्हणाले.

"ते इल्याशिवाय नाय," वहिनी म्हणाल्या.

परब उठले. कोपऱ्यातली काठी परत खांद्यावर घेतली. "मी बघून येतंय, खंय रवले ते," वहिनींना म्हणाले.

"परब, अहो आत्ता तर आलात," मी दारापर्यंत त्यांच्या मागे गेले. "पाणी उतरायला लागलंय. जरा बसा, चहा टाकते."

"ताट झाकून ठेवा," ते म्हणाले आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.

मी ताट झाकलं. वहिनी खुर्चीतून उठून खिडकीशी गेल्या होत्या. पडतील म्हणून मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खाली परब इमारतीला वळसा घालून मागच्या रस्त्याला लागले होते. पाठमोरे, पँट दुमडलेली, एका खांद्यावरची काठी दुसऱ्या खांद्यावर घेत, फार हळू चालत होते. पलीकडे खाडीचं पाणी मागे सरलं होतं आणि चिखल उघडा पडत होता.

"ते बघ," वहिनींनी माझ्या हाताला धरलं. "आमचे चालले. सुक्या खाडीत गरवूक."

मी खिडकीतून ओरडले, "परब, अहो वर या, परब!" खाली टँकर पाणी ओतत होता, मोटर चालू होती. त्यांनी वर बघितलं नाही.

"बोलव नको गो," वहिनी म्हणाल्या. "जाऊंदे. येतले जेवूक." आणि गज धरून, ते वळणापाशी दिसेनासे होईपर्यंत, बघत राहिल्या.